मळवलीच्या छापखान्यापासून रुपेरी पडद्यापर्यंत

भ्रमणध्वनीत कॅमेरा आला आणि छायाचित्रणाचे अवघे जगच पालटले. भुशी धरण, टायगर पॉइंट किंवा कार्ले-भाजे लेण्यांच्या परिसरात आज फेरफटका मारला, तर जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कॅमेरा दिसतो. मात्र तो गळ्यात अडकवायचा कॅमेरा नसून खिशातला फोन असतो. रोल भरणे, तो धुवायला देणे आणि छायाचित्रे हाती येईपर्यंत चार दिवस वाट पाहणे, हे सारे इतिहासजमा झाले आहे. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले होते. २०२३ मध्ये हीच संख्या ८० लाखांच्याही खाली आली. त्यामुळे कॅमेरा आता कालबाह्य होणार काय, असा प्रश्न वारंवार विचारला जातो.

तंत्र बदलले की कसबी माणसाचे काय होते, हा प्रश्न मावळाला नवा नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एका कलावंताने आपल्या हयातीत एकामागून एक नवी तंत्रे आत्मसात केली. त्यातल्याच एका तंत्राने त्याला अजरामर केले आणि त्यानंतर आलेल्या तंत्राने त्याला मागे टाकले. हा कलावंत म्हणजे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे गाढे विद्वान. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि फाळके कुटुंब मुंबईत आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. चित्रकलेबरोबरच छायाचित्रण, अंधारखोलीतील रासायनिक प्रक्रिया, ठसे तयार करणे, असे नाना विषय त्यांनी तेथे हाताळले. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्यांची ओढ ओळखून त्यांना तिरंगी ठशांचे तंत्र शिकण्यासाठी रतलामला पाठविले.

शिक्षणानंतर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. परंतु १९०० च्या प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. खचलेल्या मनाने ते बडोद्यास परतले. तेथेही व्यवसायाला बरकत आली नाही. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, अशी समजूत त्या काळी लोकांत पसरली होती. दिवसातून दहा वेळा स्वतःची छबी टिपणाऱ्या आजच्या पिढीला ही गोष्ट गमतीची वाटेल. पण दादासाहेबांच्या पोटावर त्या समजुतीने पाय आला. नवे यंत्र हाती असले, तरी समाज त्याला तयार असावा लागतो, हा धडा त्यांना तेथे मिळाला. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी सरस्वतीबाई पुढे त्यांच्या प्रत्येक उद्योगात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

लोणावळ्यातील दिवस

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून त्यांना सरकारी नोकरी मिळाली. मात्र बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीची लाट उसळली असताना त्यांनी ती सोडली आणि ते छपाईच्या व्यवसायाकडे वळले. त्यासाठी त्यांनी निवडलेले ठिकाण होते लोणावळा.

या निवडीमागे सबळ कारण होते. विख्यात चित्रकार राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलविण्यात आला होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांची रंगीत चित्रे येथे शिळेवर छापली जात आणि देशभरातील घरांच्या भिंतींवर विराजमान होत. हे काम अत्यंत किचकट. चित्रातील प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागे. एका शिळेचा ठसा दुसऱ्यावर तंतोतंत बसला नाही, तर चित्र बिघडे. दादासाहेबांनी लोणावळ्यात फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स हा कारखाना काढला. छायाचित्राच्या साहाय्याने मूळ चित्र शिळेवर उतरवून देण्याचे काम ते रविवर्मा छापखान्यासाठी करीत.

हाताने रेखाटण्याच्या कामात कॅमेऱ्याने शिरकाव केला होता आणि तो शिरकाव घडविणाऱ्यांत दादासाहेब होते. पुढे ते हाफटोन ठशांकडे वळले. या पद्धतीत चित्राचे असंख्य बारीक ठिपक्यांत विभाजन करतात. डोळ्यांना मात्र ते ठिपके न दिसता अखंड चित्र दिसते. फोनच्या पडद्यावरील छायाचित्रही ठिपक्यांचेच बनलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे दादासाहेबांच्या कामाचे आजच्या काळाशी असलेले नाते स्पष्ट होते.

व्यवसाय वाढल्यावर कारखाना दादरला हलला आणि नव्या भागीदारीत त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले. १९०९ मध्ये दादासाहेब रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीला गेले. कारखान्याचा लौकिक वाढला. पण भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी ओलांडलेले दादासाहेब रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

हलत्या चित्रांचा ध्यास

१९११ मध्ये गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. मळवलीत शिळेवर उतरविलेले राम-कृष्ण पडद्यावर हलताना दाखवता येतील, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. रात्रंदिवस चित्रपट पाहण्याच्या आणि प्रयोगांच्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली, तसे ते पुन्हा कामाला लागले.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे चित्रनिर्मितीचे तंत्र पाहून त्यांनी विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र खरेदी केले, तसेच कोडॅकची कच्ची फिल्म मागविली. परतल्यावर कुंडीतील रोप कसे वाढते, याचा छोटासा चित्रपट करून त्यांनी धनिकांना दाखविला आणि भांडवल उभे केले. दादरच्या घरी सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधारात फितीला भोके पाडीत. स्त्री भूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके या तरुणाला तारामती केले गेले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला आणि इतिहास घडला.

त्यानंतर मोहिनी भस्मासुर, १९१७ चा लंकादहन, १९१८ चा श्रीकृष्णजन्म, कन्या मंदाकिनीला बालकृष्ण केलेला १९१९ चा कालिया मर्दन, असे एकाहून एक सरस मूकपट त्यांनी दिले. मळवलीच्या चित्रांतील देव आता पडद्यावर चालू-फिरू लागले होते.

ध्वनीने गाठले

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत आलम आरा हा बोलपट झळकला आणि मूकपटांचे दिवस भरले. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरविताना गती थोडी कमी-अधिक झाली, तरी चालून जाई. ध्वनीला मात्र ठराविक, एकसारखी गती हवी. कॅमेऱ्याचा आवाज दाबायला हवा, चित्रीकरणाच्या जागी शांतता हवी, नटांना वाणी हवी आणि या सर्वांसाठी मोठे भांडवल हवे. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट काढला. कथा तीच, हरिश्चंद्र-तारामतीची. परंतु आता तारामती होती दुर्गा खोटे, आणि ती बोलत होती, गात होती. एकोणीस वर्षांत केवढे हे स्थित्यंतर!

दादासाहेब तेव्हा साठी ओलांडून गेले होते. मूकपट म्हणून तयार केलेल्या सेतुबंधनला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट दिग्दर्शित केला. तोच त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट आणि तोच अखेरचा चित्रपट ठरला. ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला, तो त्यांना मागे ठेवून पुढे निघून गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, बऱ्याच अंशी विस्मृतीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, म्हणजे तब्बल पाव शतकानंतर.

यंत्रे गेली, काम उरले

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. ज्या कोडॅकची फिल्म दादासाहेबांनी वापरली, त्याच कंपनीच्या एका अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा तयार केला. तरीही फिल्मच्या धंद्याला चिकटून राहिलेल्या या कंपनीवर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. शिळा, ठसे, हाताने फिरवायचा कॅमेरा, फिल्म, एकेक करून सारे मागे पडले. आजचा फोनही कधीतरी त्याच वाटेने जाईल.

दादासाहेबांच्या मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत. जे उरले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले, म्हणूनच आपण ते पाहू शकतो. राजा हरिश्चंद्रचेही काही भागच हाती आहेत. नवे तंत्र स्वीकारताना जुने काम जतन करण्याची खबरदारी घेतली नाही, तर यंत्राबरोबर स्मृतीही जाते. फोनमध्ये हजारो छायाचित्रे साठविणाऱ्या आणि फोन बदलताना ती गमावणाऱ्या आपल्या पिढीनेही त्यापासून बोध घ्यायला हवा. कॅमेरा राहील की जाईल, याची चिंता वाहण्यापेक्षा त्याने टिपलेले काय उरेल, याची काळजी करणे अधिक अगत्याचे आहे.