स्कोप किती एक्सचा घ्यावा? आधी अर्न्स्ट आबे यांची गोष्ट वाचा

देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांना तोफांचा आवाज काही नवा नाही. इथल्या तोफखाना शाळेच्या सरावात गोळा कुठे पडला हे लांबून बघायला दुर्बीण लागते. आणि याच नाशिक परिसरात, तोडणीच्या दिवसांत, द्राक्ष बागायतदार मण्याचा रस एका छोट्या नळीच्या काचेवर टाकतो, नळी डोळ्याला लावतो आणि ब्रिक्स किती भरली ते बघतो. जवानाची प्रिझम दुर्बीण आणि बागायतदाराचं रिफ्रॅक्टोमीटर, दोन्हींचा माग काढत गेलं की आपण एकाच माणसापाशी पोहोचतो: अर्न्स्ट आबे.

रायफलचा चांगला स्कोप कसा ओळखायचा, या प्रश्नाचं उत्तरही बऱ्याच अंशी त्यांच्याच आयुष्यात सापडतं. चला, बघूया.

गिरणी कामगाराचा मुलगा

आबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतल्या आयझेनाख गावात झाला. वडील सूतगिरणीत कामाला. दिवसाला चौदा ते सोळा तासांची पाळी. लहानगा अर्न्स्ट दुपारचा डबा घेऊन गिरणीत जायचा. वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच घास गिळायचे, भांडं पोराच्या हातात द्यायचे आणि लगेच कामाला लागायचे. हे दृश्य आबे आयुष्यभर विसरले नाहीत.

मुलगा हुशार होता. गिरणीमालकाने शिक्षणाला हातभार लावला. येना आणि ग्योटिंगेन इथे शिकून १८६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १८६३ पासून येना विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली.

अंदाजपंचे काम बंद

येनामध्येच कार्ल झाइस यांचा कारखाना होता, १८४६ मध्ये सुरू झालेला. तिथे सूक्ष्मदर्शक बनायचे. पद्धत अशी की भिंगं एकमेकांपुढे ठेवून बघायची, जमलं तर ठेवायची, नाही तर बदलायची. कसलेल्या कारागिराचा हात चांगला, पण पुढचा नग तसाच निघेल याची खात्री नाही. झाइस यांना ही खात्री हवी होती. १८६६ मध्ये त्यांनी २६ वर्षांच्या आबे यांना सोबत घेतलं.

आबे यांनी गणित मांडलं, त्यानुसार भिंगं बनवली... आणि ती जुन्यापेक्षा वाईट निघाली! चुका कमी व्हाव्यात म्हणून त्यांनी भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाचा कोन लहान ठेवला होता. प्रतिमा नीटनेटकी आली, पण बारीक तपशील गायब.

या अपयशातूनच त्यांचा सगळ्यात मोठा शोध लागला. तपशील दिसायचा तर भिंगाने रुंद कोनातून प्रकाश गोळा करायला हवा, आणि तरीही एक मर्यादा राहतेच. त्या मर्यादेपलीकडे प्रतिमा कितीही मोठी केली तरी फक्त धूसरपणा मोठा होतो. हे त्यांनी १८७३ मध्ये मांडलं. त्याआधीच, १८७२ पर्यंत, झाइसचे सूक्ष्मदर्शक त्यांच्या गणितानुसार बनू लागले होते.

हे स्कोपला कसं लागू होतं?

दुर्बिणीतही सूत्र तेच, फक्त इथे पुढच्या भिंगाचा व्यास महत्त्वाचा. समजा स्कोपवर ४-१६×४० लिहिलंय. पुढचं भिंग ४० मि.मी. त्याला पटीने भागा. ४ पटीला डोळ्याकडे १० मि.मी. जाडीचा प्रकाशझोत येतो, १६ पटीला फक्त २.५ मि.मी. संधिप्रकाशात आपली बाहुली ५ ते ७ मि.मी. उघडते. म्हणजे १६ पटीला चित्र मोठं, पण अंधारलेलं. वर हात जरा हलला तरी ते थरथरतं, आणि तापलेल्या जमिनीवरची हवेची लहरही तितकीच मोठी होऊन दिसते. म्हणून नुसता एक्सचा आकडा बघून पैसे टाकू नका.

काच कुठली?

गणित बरोबर असूनही गाडी अडली काचेपाशी. साध्या काचेतून वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी एकत्र येतात आणि वस्तूच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. १८७९ मध्ये ओटो शॉट या तरुण काचतज्ज्ञाने आबे यांच्याशी संपर्क साधला. १८८४ मध्ये येनात काचेची प्रयोगशाळा उभी राहिली आणि नव्या काचा वापरून १८८६ मध्ये रंगदोष जवळपास नसलेली भिंगं बाजारात आली. काच रंग किती फाकवते हे सांगणाऱ्या आकड्याला आजही आबे अंक म्हणतात. हा अंक जितका जास्त, तितका रंग कमी फाकतो. स्कोपच्या जाहिरातीत ईडी ग्लास दिसतं, त्याचं मूळ इथे आहे.

मोजल्याशिवाय विश्वास नाही

कारखान्यात प्रत्येक काच आणि भिंग तपासायला आबे यांनी मोजमापाची उपकरणं बनवली. रिफ्रॅक्टोमीटर त्यातलंच. स्कोप घेतानाही हीच सवय लावा. परवानाधारक रेंजवर एक गट मारा. मग टरेट २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवा आणि प्रत्येक कोपऱ्यावर गट मारा. शेवटचा गट पहिल्याच जागी पडला पाहिजे. ०.१ मिलचा क्लिक असेल तर १०० मीटरवर २० क्लिक म्हणजे २० सें.मी. चौकोन वाकडा आला किंवा गट परत जागेवर आला नाही, तर नाव कितीही मोठं असो, तो स्कोप भरवशाचा नाही.

मालकी सोडणारा मालक

१८८८ मध्ये झाइस वारले. आबे तोवर भागीदार होते, श्रीमंत झाले होते. १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापलं आणि १८९१ मध्ये स्वतःची मालकी त्याच्या नावे केली. १८९३ मध्ये प्रिझम दुर्बिणीचं पेटंट आलं. पुढे कामगारांना नफ्यात वाटा, पगारी सुट्टी, पेन्शन मिळालं. १९०० मध्ये त्यांनी आठ तासांचा दिवस लागू केला आणि तास घटले तरी काम घटलं नाही, हे आकडेवारीने दाखवून दिलं. उभ्याने जेवणाऱ्या बापाचा मुलगा यापेक्षा वेगळं काय करणार?

१४ जानेवारी १९०५ रोजी येनात त्यांचं निधन झालं.

जाता जाता

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांतही दुर्बीण चालत नाही, तिथे भोकाची साइट वापरतात. तेव्हा स्कोप घेण्याआधी आपला शस्त्रपरवाना आणि क्लबचे नियम विचारून घ्या. मग भिंगाचा व्यास, काच आणि क्लिक तपासा. पट सगळ्यात शेवटी.