नीलकंठशास्त्री गोरे

नीलकंठशास्त्री गोरे ऊर्फ फादर नेहेम्या गोरे (८ फेब्रुवारी, १८२५ – २९ ऑक्टोबर, १८९५) हे संस्कृत पंडित, ख्रिस्ती धर्मोपदेशक व धर्मविषयक लेखक होते. ईश्वर दयाळू असेल तर अनंत नरक कसा संभवतो, हा आक्षेप त्यांनी तरुणपणी ख्रिस्ती धर्मावर घेतला आणि पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याच आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला.

जीवन

त्यांचा जन्म झाशीजवळ एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. काशी येथे वाढलेल्या नीलकंठांनी न्याय, व्याकरण इत्यादी शास्त्रांचे अध्ययन केले. मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालता घालता ते बायबलच्या अभ्यासाकडे वळले. १४ मार्च, १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बंदिवासातून यहुदी परतल्यानंतर यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा उभारणाऱ्या, जुन्या करारातील पुरुषाचे नेहेम्या हे नाव त्यांनी धारण केले. १८५३ मध्ये जन्मलेली त्यांची कन्या एलन लक्ष्मी गोरे पुढे ख्रिस्ती गीतकार म्हणून प्रसिद्धीस आली.

१८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. १८७० मध्ये त्यांना अँग्लिकन चर्चची धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते ‘कौली फादर्स’ या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पुणे व मुंबई येथे त्यांनी कार्य केले. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

तारणविषयक वाद

जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता प्रतिपादन केली. तिला उत्तर देणाऱ्यांपैकी सोमनाथ यांनी सर्व धर्म ईश्वरप्रणीत असून ज्याचा धर्म त्यालाच हितकर, अशी भूमिका घेतली. नीलकंठांनी १८४४ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. मर्यादित आयुष्यातील पापाला अमर्याद शिक्षा देणे अन्यायाचे आहे, तसेच ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही पडले नाही त्यांना दोषी धरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जन्मतःच दिसणाऱ्या दुःखाची संगती कर्मसिद्धान्ताने लागते, असेही त्यांनी मांडले.

हा प्रश्न केवळ हिंदू पंडितांचा नव्हता. अनंत शिक्षेविषयी शंका व्यक्त केल्यामुळे एफ. डी. मॉरिस यांना १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अध्यापकपद गमवावे लागले होते. भारतात ब्राह्मो समाजाने अनंत नरकाची कल्पना नाकारली. शिक्षा ही सुधारणेसाठीच असते, असे ब्राह्मो मानत. गोरे यांनी मात्र चर्चच्या परंपरागत मताचा पक्ष घेतला आणि त्यावरील आक्षेपांना उत्तर देणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. ब्राह्मो ज्याला सहजज्ञान म्हणतात, ती पवित्र व प्रेमळ ईश्वराची कल्पना मूळची ख्रिस्ती शास्त्रातीलच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तरीही बौद्धिक शंकांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही.

प्रभाव व ग्रंथ

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागे गोरे यांच्याशी झालेली चर्चा व पत्रव्यवहार हे एक महत्त्वाचे कारण होते. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. गोरे यांच्या ‘षड्दर्शनदर्पण’ (१८६०) या हिंदी ग्रंथाचे फिट्झएडवर्ड हॉल यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१ मध्ये स. ल. कात्रे यांच्या संपादनाखाली उज्जैन येथून प्रकाशित झाला.