बारशाची पंगत आणि सावकाराची वही : डेबुजी ते गाडगेबाबा

गाडगेबाबा म्हटले की आपल्याला खराटा आठवतो. शाळेत खराटा, सरकारी जाहिरातीत खराटा, २३ फेब्रुवारीला पुढाऱ्यांच्या हातातला फोटोपुरता खराटा. या खराट्याने बाबांचे अर्धे काम झाकून टाकले आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. बाबांनी गाव झाडले हे खरे, पण त्याआधी त्यांनी घराचा खर्च झाडून काढला होता. म्हणून आज आम्ही त्यांच्या आयुष्याकडे पैशाच्या बाजूने पाहणार आहोत. सुरुवात एका बारशापासून करायची आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

डेबुजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. आज हे गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. वडील झिंगराजी, आई सखुबाई. घरची थोडीफार शेती होती आणि जातीचा धंदा होता, म्हणजे पोटापुरते होते. पण देवाच्या नावाने बकरे-कोंबडे कापायचे, जातभाईंना जेवू घालायचे आणि सोबत दारू पाजायची, हा त्या काळचा रिवाज होता. झिंगराजी त्या दारूत बुडाले. घर गेले, तब्येत गेली आणि १८८४ साली ते वारले. डेबुजी तेव्हा आठ वर्षांचा होता. सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. म्हणजे अमरावती जिल्ह्यातून अकोला जिल्ह्यात.

मामांच्या घरी डेबुजीने गुरे राखली, वावरात राबला, नांगर धरला. शाळा कधी पाहिली नाही. मामाचे घर खाऊनपिऊन सुखी होते. ते बुडाले सावकारी कर्जात. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे मामा कर्जाचे हप्ते भरत राहिले, पण पावती मागितली नाही, आणि वहीत काय लिहिले जाते ते वाचता येत नव्हते. शेवटी जमिनीवर सावकाराचा ताबा आला आणि मामांनी धसक्याने प्राण सोडला. सावकाराची माणसे वावरात उतरली तेव्हा तरुण डेबुजी त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्याने त्यांना पिटाळून लावले.

वऱ्हाड तेव्हाही कापसाचा मुलूख होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि नंतर तो पडला. नगदी पिकाबरोबर नगदी कर्जही गावोगाव पोचले. कास्तकाराच्या हातात पैसा वर्षातून एकदाच, पण पाहुणे, जत्रा, लग्न, तेरवी बाराही महिने. मधली फट सावकार भरून काढी. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी वऱ्हाडाला जे झोडपले, त्यात ज्याच्या डोक्यावर आधीच कर्ज होते तो उठूच शकला नाही. डेबुजीची तरुणपणाची वर्षे ती हीच.

१८९२ साली त्याचे लग्न कुंताबाईंशी झाले. मुलगी झाली. बारशाचा दिवस आला.

रिवाजाप्रमाणे जातभाईंना मटण आणि दारू द्यायची होती. ती दिली नाही तर चारचौघांत नाव जाणार. ज्याचा बाप दारूने आणि मामा कर्जाने गेला, त्या माणसाने या पंगतीत काय वाढावे? डेबुजीने साधे शाकाहारी जेवण वाढले. दारूचा थेंब नाही. आलेले लोक नाराज झाले. आज हे वाचताना किरकोळ वाटते. पण जातीच्या पंगतीचा रिवाज मोडणे ही त्या काळी किरकोळ गोष्ट नव्हती. ज्यांच्याकडे उद्या सोयरीक मागायला जायचे, ज्यांच्या खांद्यावरून उद्या तिरडी जायची, त्यांचीच नाराजी ओढवून घ्यायची होती. समाजशास्त्राच्या पुस्तकांत प्रतिष्ठेसाठी केलेल्या खर्चावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. दापुऱ्याच्या निरक्षर कास्तकाराने तो धडा एका जेवणात गिरवला. आणि लक्षात घ्या, त्याने बारसे रद्द केले नाही. लेकीचे नाव ठेवले, पाळणा हलला, लोक जेवले. फक्त त्या आनंदाचा हप्ता लेकीच्या डोक्यावर ठेवला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, डेबुजीने घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे, हातात खराटा. गाडग्यात खायचे, गाडग्यातच प्यायचे. त्यावरूनच नाव पडले. कोणाच्या गावात गेले की आधी झाडायचे, मग भाकर मागायची.

इथे आमचे तरुण कार्यकर्ते नेहमी एक प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. ज्याने संसार टाकला त्याने संसार कसा करावा हे इतरांना का सांगावे? सिद्धार्थ गौतमांनीही २९ व्या वर्षी गृहत्याग केला हे आपल्याला माहीत आहे, आणि यशोधरेचा प्रश्नही आपण विचारतो. पण यशोधरेच्या मागे शाक्यांचे घराणे होते. कुंताबाईंच्या मागे काय होते? सासू, लहान लेकरे आणि कोरडवाहू मुलूख. बाबांचा दंडक असा की लोकांनी दिलेल्या पैशातली कवडीही घरच्यांना जाता कामा नये. लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, तरी बाबांचे कुटुंब कष्टातच जगले. सार्वजनिक पैशाबाबत इतका कडक माणूस आज शोधून सापडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण त्या कडकपणाची किंमत सखुबाई आणि कुंताबाईंनी मोजली. रमाईने बाबासाहेबांच्या संसाराचा गाडा कसा ओढला हे आपण दर ७ फेब्रुवारीला सांगतो. कुंताबाईंचे नाव किती जणांना माहीत आहे?

१९२३ साली बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात असताना मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. ही गोष्ट भाषणांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला ती ऐकताना दरवेळी दापुऱ्याची आठवण येते, जिथे कोणीतरी रडत असणार.

आता बाबांनी कीर्तनात सांगितलेल्या गोष्टी. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तराचे असे. ते विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता लोक स्वतःच अडकायचे. कर्ज काढून लग्न करू नका, कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरे कापू नका, दारू पिऊ नका, हे ते गावोगाव सांगत. आणि याच्या जोडीला एकच खर्च असा होता ज्याला त्यांनी कधी हात आखडायला सांगितले नाही, तो म्हणजे शिक्षण. जेवायचे ताट विकावे लागले तर विका, भाकर हातावर घेऊन खा, लुगडे स्वस्तातले घ्या, पाहुण्याचा पाहुणचार कमी करा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह होता. घरखर्चाचे अंदाजपत्रक याहून सोपे कोणी मांडलेले आम्हाला माहीत नाही. आधी काय कापायचे आणि काय अजिबात कापायचे नाही, एवढेच त्यात आहे.

बाबा पंगतीच्या विरोधात होते असा मात्र समज करून घेऊ नये. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. नावातच ऋण फिटणे आहे, आणि लोक तिथल्या जत्रेला कर्ज काढून जात, हा विनोद वऱ्हाडाने स्वतःवरच केलेला. त्या जत्रेत बाबांनी घाण साफ केली, घाट बांधायला लावला, आणि आंधळ्या-पांगळ्यांना, भुकेल्यांना जेवण वाढले. नाशिकला सदावर्त चालवले. म्हणजे पंगत होतीच, फक्त ताटावर बसणारे बदलले होते. ज्याच्या घरी आज चूल पेटली नाही तो आधी बसला.

पैसा कुठे घातला हेही पाहा. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना निवारा नव्हता, तिथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत दवाखान्यात येणाऱ्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधल्या. १९५२ मध्ये गाडगेबाबा मिशन स्थापन झाले. त्यांच्या नावाने कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडला १९५४ साली महाविद्यालय काढले.

आज अकोला-अमरावतीच्या वस्त्यांत आम्ही काम करतो. सावकाराच्या वहीची जागा फायनान्सच्या साप्ताहिक कार्डाने घेतली आहे. मटण-दारूच्या जागी लेकराचा पहिला वाढदिवस आला आहे. तीन थरांचा केक, फुग्यांची कमान, चौकात बॅनर, डीजे आणि दोनशे माणसांची बिर्याणी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे होते. साधा हिशोब करा. वीस हजार रुपये शेकडा तीनने घेतले तर महिन्याला सहाशे रुपये नुसते व्याज, वर्षाला सात हजार दोनशे. लेकराचा दुसरा वाढदिवस येतो तेव्हा पहिल्याचे मुद्दल जसेच्या तसे असते. आणि या घरांत पैशाची ओढाताण आई करते, बॅनरवर फोटो मात्र दादांचे असतात. आम्ही ज्या घरांत वेगळे घडताना पाहिले, तिथे विहारात खीर झाली, वस्तीतली सगळी लेकरे बसली, त्रिशरण-पंचशील झाले, आणि आजोबांनी नोटांच्या ऐवजी पाटी-पुस्तके दिली. खर्च दोन हजारांच्या आत. नातेवाईक रुसले. सहा महिन्यांनी त्यांच्यातल्याच एकाने स्वतःच्या घरी तसेच केले.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे आणि आजारी होते. शेवटचे कीर्तन त्यांनी ८ नोव्हेंबरला मुंबईत बांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात केले होते, त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. बाबासाहेबांनंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत आहे, त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात. ज्याच्या नावाने राज्यभर धर्मशाळा, वसतिगृहे आणि शाळा होत्या, त्याच्या घरच्यांच्या नावावर त्यातली एक वीटही नव्हती.