शाहू महाराजांची एक शाळा

मैत्रिणींनो, दवाखाना असो, मुलांचं कॉलेज असो, नाहीतर लग्नाचा बस्ता, आपल्या मालवण-कुडाळकडची माणसं घाट चढून कोल्हापूरला जातातच. हे नातं जुनं आहे. १८१२ साली इंग्रजांकडे जाईपर्यंत मालवण करवीरच्या गादीकडे होतं. त्याच गादीवर पुढे राजर्षी शाहू महाराज आले.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात त्यांचा जन्म झाला. नाव यशवंतराव. आई लहानपणीच गेली. १८८४ साली ते कोल्हापूरला दत्तक आले आणि १८९४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर शहरात राहायला जागा हवी. म्हणून १८९६ साली त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. पण थोड्याच वर्षांत तिथे बहुतेक ब्राह्मण मुलंच उरली. नुसतं दार उघडं ठेवून सगळे आत येत नाहीत, हे महाराजांनी ओळखलं. मग १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी वेगवेगळी बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. १९०२ साली तर त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या होत्या.

१९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! पण अजून एक गोष्ट राहिली होती. अस्पृश्यांची शाळा वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. १९१९ साली महाराजांनी हुकूम काढून या वेगळ्या शाळाच बंद केल्या. या मुलांना इतरांच्याच शाळेत घ्यायचं आणि शिवाशिव पाळायची नाही, असं ठरलं. राहण्याची सोय वेगळी एक वेळ चालेल, पण शिकायचं एकत्रच.

हे त्यांनी घरातही केलं. १९१८ साली धाकटा मुलगा शिकारीत गेला. कोवळ्या वयात विधवा झालेल्या सुनेला, इंदुमतीला, त्यांनी कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. ६ मे १९२२ ला मुंबईत महाराज गेले. वय पन्नासही नव्हतं.

आता आपल्याकडे बघा. आपल्या शाळा वाडीवाडीवर, आणि वाडी बऱ्याचदा एकाच भावकीची किंवा जातीची. पट घटला की शाळा जोडण्याची चर्चा सुरू होते. तेव्हा अंतर बघितलं जातं. ते बघायलाच हवं, पावसात व्हाळ ओलांडून लहान पोरं जाणार कशी? पण कुठली वाडी कुठल्या शाळेला जोडली, यावर आपली मुलं कोणाबरोबर बसणार हेही ठरतं. त्यावर मात्र कोणी बोलत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायलाच लागतात. नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका. दोन वाड्यांची मुलं एका शाळेत येणार असतील, तर त्यांच्या जाण्यायेण्याची सोय मागा. आणि पंगतीला, बाकावर ती मिसळून बसतात ना, हे स्वतः जाऊन बघा. हुकूम काढायला राजा लागला, तो पाळला जातो की नाही हे बघणं आपल्याला जमण्यासारखं आहे.