बेटावरचा कारभारी

राज्य राजाच्या नावाने चालावे आणि हुकूम मात्र दुसऱ्याच्याच वाड्यातून सुटावेत, हा प्रकार आपल्या जुन्या घराण्यांतील मंडळींना समजावून सांगायला नको. तेराव्या शतकात कोरियातील गोऱ्यो राज्यात असा एक कारभारी होऊन गेला. त्याचे नाव छ्वे ऊ. मंगोलांपुढे त्याने अखेरपर्यंत मान तुकवली नाही, म्हणून इतिहासात त्याला जागा मिळाली. मी इतिहासकार नव्हे, गाणे शिकवणारा माणूस. परंतु त्याच्या चरित्रातील एका मेजवानीची हकिकत वाचली आणि ती काही केल्या मनातून जाईना.

1170 साली गोऱ्योच्या लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून विद्वान दरबाऱ्यांच्या हातून सत्ता हिसकावली. पुढे एका सेनापतीने दुसऱ्याला मारावे आणि त्याच्या जागी बसावे, असा क्रम चालला. 1196 मध्ये छ्वे छुंग-हॉन याने तो थांबवला आणि कारभार आपल्या घराण्यात पक्का केला. राजे गादीवर बसवणे आणि उतरवणे हे त्याच्या हातचे काम होते. 1219 मध्ये तो वारला आणि त्याचा मुलगा छ्वे ऊ त्याच्या जागी आला.

मुलाने आरंभ चांगला केला. बापाने साठवलेली रत्ने त्याने राजाकडे पाठवली आणि बळकावलेल्या जमिनी ज्यांच्या त्यांना परत दिल्या. तथापि सत्ता सैल सोडली नाही. 1225 मध्ये नेमणुकांची कचेरी त्याने स्वतःच्या घरातच थाटली. तिथे ठरलेल्या नावांना राजाने फक्त संमती द्यायची. चोरांच्या बंदोबस्तासाठी रात्रीची गस्त उभारली, तिच्यातूनच पुढे राज्यातील सर्वांत कडवे सैन्य तयार झाले. त्याचे हस्ताक्षर इतके देखणे होते, की कोरियाच्या चार श्रेष्ठ सुलेखनकारांत त्याची गणना होते. ई ग्यू-बो याच्यासारखा मोठा कवी त्याच्या आश्रयाला होता.

1225 मध्येच खंडणी घेऊन परतणारा मंगोल वकील यालू नदीच्या बाजूला मारला गेला आणि वैर पेटले. 1231 मध्ये सारताई नावाचा मंगोल सेनापती नदी ओलांडून आला. कूजूचा किल्ला पाक सो याने महिनोन्‌महिने लढवला, पण राजधानी केसाँगला वेढा पडला आणि जबर खंडणी कबूल करून तह करावा लागला.

पुढच्या वर्षी छ्वे ऊने ठरवले, की राजधानी गांगह्वा बेटावर न्यायची. मुख्य भूमीपासून हे बेट अगदी जवळ आहे. परंतु मधली खाडी अरुंद असली तरी भरती-ओहोटीची ओढ भयंकर आणि काठाला मैलोगणती चिखल. घोडदळाच्या जोरावर लढणाऱ्या मंगोलांना तिथे पाय रोवता येईना. दक्षिणेकडचा धान्यसारा मात्र समुद्रमार्गे बेटावर येत राहिला. राजधानी हलवायला दरबारात विरोध झाला. बेटावर लपून आपण वाचू, पण मागे राहिलेल्या रयतेचे काय, असे यू सुंग-दान या वृद्ध विद्वानाने विचारले. गस्तीच्या किम से-छुंग या अधिकाऱ्यानेही हरकत घेतली. त्याचा शिरच्छेद झाला. मग कोणी बोलले नाही. ऐन पावसाळ्यात, दहा दिवसांच्या संततधारेत, पोटऱ्यांएवढ्या चिखलातून राजधानी चालत निघाली.

त्याच वर्षी छोइनच्या लहानशा कोटात किम युन-हू नावाच्या भिक्षूच्या नेतृत्वाखाली लोकांनी सारताईला ठार केले. मंगोल परतले, पण पुन्हा पुन्हा येत राहिले. रयतेने डोंगरी किल्ले आणि बेटे गाठावीत, एवढाच हुकूम गांगह्वाहून सुटे. 1232 मध्ये जुन्या त्रिपिटकाचे लाकडी ठसे जळाले आणि 1238 मध्ये ग्योंगजूचा नऊ मजली लाकडी मनोरा. गावे किती जळाली, त्याला गणती नाही.

बेटावर मात्र वाडे उठत होते. छ्वे ऊच्या वाड्यासाठी लाकूड जहाजांतून आले, बागेसाठी पाइनची झाडे खाडीपार आणली गेली आणि त्या कामात पुष्कळ माणसे बुडून मेली. 1245 मध्ये त्याने मेजवानी दिली. तेराशेंहून अधिक वादक नटूनथटून अंगणात आले, तंतुवाद्ये, गाणे, नगारे, बासऱ्या यांनी आकाश दणाणले, आणि कलावंतांच्या प्रत्येक ताफ्याला चांदी वाटण्यात आली.

इथे मी अडखळतो. माझे वडील दरबारी गवई. आमच्या घरातला शिधा, तंबोरा, सणाची बिदागी, सारे दरबारातून आलेले. त्यामुळे कलेला आश्रय देणाऱ्या माणसाबद्दल वाईट बोलताना जीभ आपोआप जड होते. शिवाय छ्वे ऊच्या खात्यावर भरीव कामे आहेत. दरबारी विधींचा पन्नास खंडी ग्रंथ राजधानी हलवताना मागे राहिला, तेव्हा त्याने आपल्या घरच्या प्रतीवरून धातूच्या सुट्या खिळ्यांनी 28 प्रती छापवल्या. गुटेनबर्गच्या दोनशे वर्षे आधी. 1236 मध्ये त्रिपिटक नव्याने कोरायला घेतले आणि त्यासाठी त्याने स्वतःची संपत्ती ओतली. काम 1251 मध्ये पुरे झाले. ते 81,000 हून अधिक ठसे हेइन्सा मठात आजही शाबूत आहेत. जे धर्मवचन मुळात आपल्या देशातून तिकडे गेले, ते इतक्या शुद्ध रूपात थोड्याच ठिकाणी जपले गेले असेल.

तरीही यू सुंग-दानचा प्रश्न उरतोच. ती चांदी, तो कागद, ते लाकूड, सारे ज्या शेतातून आले त्या शेतकऱ्याला खाडी ओलांडता आली नव्हती. मला त्या वादकांचा राग येत नाही. कलावंताला पोट असते, आणि बोलावणे नाकारण्याची सोय त्याला क्वचितच असते. पण बोलावणाऱ्याला ती सोय होती, आणि त्याच्या अंगणात नगारे वाजत असताना पलीकडच्या काठावर धूर दिसत असेल.

छ्वे ऊ 1249 मध्ये वारला. 1258 मध्ये त्याच्या नातवाचा खून होऊन घराण्याची सत्ता संपली, 1259 मध्ये युवराज मंगोलांकडे शरण गेला आणि 1270 मध्ये दरबार केसाँगला परतला. गस्तीच्या सैन्याने मात्र तह मानला नाही. ते 1273 पर्यंत बेटाबेटांवर लढत राहिले.

आश्रयदात्याचे ऋण मानावे, हे मी घरीच शिकलो. पण ऋण फेडताना हिशेब पुरा मांडावा. ठशांवर कोरणाऱ्याचा हात आहे, मेजवानीत वादकाचा श्वास आहे, आणि दोहोंखाली नाव नसलेल्या शेतकऱ्याचे धान्य आहे. छ्वे ऊचे नाव घ्यायचे, तर ते या सर्वांच्या नंतर घ्यावे.