हृदयापर्यंतची वाट

जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, अशी एके काळी वैद्यांची समजूत होती. ती खोटी ठरविणारे वेर्नर फोर्समान यांचा जन्म १९०४ साली बर्लिन येथे झाला. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात कामी आले.

१९२९ साली फोर्समान एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात नवशिके डॉक्टर होते. घोड्याच्या मानेतील नीलेतून हृदयापर्यंत नळी नेल्याचे चित्र त्यांनी पाहिले होते. माणसाच्या हातातूनही तसे करता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. शस्त्रक्रियेची हत्यारे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात असत. प्रयोग आपल्यावरच करावा म्हणून ती धीट बाई पुढे झाली. फोर्समान यांनी तिला मेजावर निजवून बांधले. पण छेद घेतला तो स्वतःच्या डाव्या कोपरापाशी! तिला असे फसविणे उचित नव्हते. तथापि तिचा जीव त्यांनी धोक्यात घातला नाही, हेही खरे. मग तिला मोकळे करून, हातात नळी तशीच ठेवून, ते जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेले. नळी ६५ सेंटिमीटर आत गेली आणि तिचे टोक हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात दिसले.

कौतुक दूरच, त्यांच्या वाट्याला उपहास आला. बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातील जागाही गेली. अखेर ते मूत्ररोगांचे वैद्य झाले. १९३२ साली त्यांनी हिटलरच्या पक्षाचे सभासदत्व पत्करले, हा त्यांच्या चरित्रावरील डाग होय. इकडे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांनी त्यांचीच कल्पना पुढे नेली. १९५६ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७९ साली फोर्समान वारले.

हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या पाहावयाच्या, तर नळी नीलेतून नव्हे, रोहिणीतून न्यावी लागते. १९८९ साली माँट्रिअलच्या लुसियाँ कांपो यांनी त्यासाठी मनगटावरची, आपण नाडी पाहतो ती, रोहिणी निवडली. ही रोहिणी अरुंद असते. नळी काढल्यावर रक्त गोठून ती बुजण्याचे भय असते. बडनेऱ्याला अमरावतीचा फाटा फुटतो, तशी हाताची रोहिणी कोपरापाशी दुभंगते. तिच्या दोन्ही शाखा तळहातात पुन्हा मिळतात, म्हणून एक बुजली तरी हात बहुधा वाचतो. पण ती वाट पुन्हा उपयोगी पडत नाही. म्हणून नळी आत असताना रक्त न गोठावे यासाठी हेपारिन हे औषध देतात. आणि नंतर मनगटावरचा पट्टा अशा बेताने आवळतात, की जखमेतून रक्त येऊ नये, पण त्याखालून नाडी वाहती राहावी.