पेन्सिल आणि पेनिसिलिन एकाच शब्दातून आले, ते नाव ठेवणाऱ्या फ्लेमिंगची गोष्ट

१९२९ चा मार्च उजाडेपर्यंत जगातल्या सगळ्यात गाजलेल्या अँटिबायोटिकला स्वतःचं नाव नव्हतं. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं बुरशीचा रस म्हणायचे. आता विचार करा, डॉक्टरनं चिठ्ठीवर बुरशीचा रस लिहून दिला असता तर किती जणांनी तो घेतला असता?

हा रस शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग म्हणजे स्कॉटलंडच्या शेतकऱ्याचं पोर. जन्म ६ ऑगस्ट १८८१, डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफिल्ड नावाच्या शेतावर. सात वर्षांचे असताना वडील गेले. पुढे तेराव्या-चौदाव्या वर्षी भावांकडे लंडनला आले आणि शिक्षण थोडं होताच जहाज कंपनीच्या ऑफिसात कारकुनीला लागले. चार वर्षं खर्डेघाशी झाल्यावर एका काकांच्या वारशातून थोडे पैसे हाती आले. थोरला भाऊ डॉक्टर होता, त्यानं सांगितलं की तूही हेच कर.

लंडनमध्ये मेडिकल कॉलेजं भरपूर. फ्लेमिंगनी सेंट मेरीज का निवडलं? तर त्या कॉलेजच्या टीमविरुद्ध ते वॉटर पोलो खेळले होते म्हणून. १९०६ मध्ये ते तिथल्याच लसीकरण विभागात चिकटले, त्यामागेही खेळच होता. कॉलेजच्या रायफल क्लबला हा नेमबाज हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

त्या विभागाचे प्रमुख होते सर अल्मरोथ राइट. माणूस विद्वान, पण ग्रीक शब्द जोडून नवी नावं पाडायची त्यांना भारी हौस. रक्तातल्या ज्या घटकामुळे पांढऱ्या पेशींना जंतू गिळणं सोपं जातं, त्याला त्यांनी ऑप्सोनिन म्हटलं. ग्रीकमध्ये त्याचा संबंध जेवण तयार करण्याशी. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी द डॉक्टर्स डिलेमा या नाटकातला डॉक्टर राइट यांच्यावरूनच बेतला होता.

१९२१ मध्ये सर्दी झालेली असताना फ्लेमिंगनी स्वतःच्याच नाकातला शेंबूड तपासला आणि त्यात जंतू विरघळवणारा पदार्थ सापडला. तो डोळ्यातल्या पाण्यातही निघाला. मग प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळून अश्रू गोळा करायचा कार्यक्रम सुरू झाला. या पदार्थाचं लायसोझाइम हे नाव मात्र राइट साहेबांनी पाडलं.

सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लेमिंग सुट्टीवरून परतले, तर न धुतलेल्या बश्यांपैकी एकीत बुरशी उगवली होती आणि तिच्या आजूबाजूचे जंतू विरघळले होते. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसतो तो खालच्या मजल्यावरचा ला टूश. हा आयरिश बुरशीतज्ज्ञ दम्याच्या पेशंटच्या घरातल्या बुरशी अभ्यासत होता. फ्लेमिंगच्या बशीतला पाहुणाही त्याच्याच खोलीतून वर आला असावा, असं मानलं जातं. बुरशी ओळखायचं काम त्याच्याकडे गेलं आणि त्यानं सांगितलं, पेनिसिलियम रुब्रम.

यातलं पहिलं नाव बरोबर होतं, दुसरं चुकलं. पुढे अमेरिकेच्या चार्ल्स थॉमनी तिला पेनिसिलियम नोटॅटम ठरवलं आणि २०११ मध्ये जनुकं तपासल्यावर ती पेनिसिलियम रुबेन्स निघाली. म्हणजे फ्लेमिंगनी दुसऱ्या नावावरून रुब्रिन वगैरे काही ठेवलं असतं तर औषधाच्या माथी कायमचं चुकीचं नाव बसलं असतं. पण ७ मार्च १९२९ ला त्यांनी आडनावावरून नाव घेतलं, पेनिसिलिन. त्यांचं म्हणणं साधं होतं, की डिजिटॅलिस या झाडापासून मिळतं ते डिजिटॅलिन, तसंच हे. ग्रीक शब्दांचे वेडे साहेब शेजारी बसलेले असताना बुरशीचंच नाव औषधाला देणं, हा निर्णय आज भलताच शहाणपणाचा वाटतो.

पेनिसिलियम हे नाव जर्मन शास्त्रज्ञ लिंक यांनी १८०९ मध्ये दिलेलं. लॅटिनमध्ये पेनिसिलस म्हणजे चित्रकाराचा कुंचला, शब्दशः छोटी शेपटी. सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीचे बीजाणू धरणारे दांडे कुंचल्याच्या केसांसारखे दिसतात. आपण नाही का भूछत्राला कुत्र्याची छत्री म्हणतो, त्यातलाच प्रकार. पेन्सिल हा शब्दही याच पेनिसिलसचा वंशज.

गंमत म्हणजे फ्लेमिंगना स्वतःलाच चित्रांचा नाद होता. वेगवेगळ्या रंगांचे जंतू बशीत ठराविक जागी लावायचे, उबेला ठेवायचे आणि जंतू वाढले की नर्तकी किंवा सैनिक उमटायचा. चेल्सी आर्ट्स क्लबचे ते मेंबरही होते.

नाव झालं, पण औषध कुठे होतं? फ्लेमिंगच्या मदतनीसांना रस शुद्ध करणं जमलं नाही आणि त्यांनी हा विषय जवळपास सोडला. खरं औषध बनवलं ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. मे १९४० मध्ये उंदीर वाचले. फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलिसाला डोस दिला, तो सुधारायला लागला आणि साठा संपला. लघवीतून औषध परत काढून दिलं, तरी तो दगावला.

१९४२ मध्ये फ्लेमिंगनी फ्लोरींकडून औषध मागून आपल्या ओळखीच्या एका पेशंटला वाचवलं. टाइम्सनं औषधाचं कौतुक छापलं, पण शोधणाऱ्याचं नावच दिलं नाही. तेव्हा राइट यांनी संपादकाला पत्र लिहून श्रेय फ्लेमिंगचं असल्याचं ठणकावलं. पत्रकार सेंट मेरीजकडे धावले. फ्लोरी पेपरवाल्यांना दारात उभं करत नव्हते, त्यामुळे जगाच्या डोक्यात एकच नाव बसलं. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन तिघांना मिळालं. हीटलींना काहीच मिळालं नाही आणि हे चुकलंच.

(चर्चिलला फ्लेमिंगच्या वडिलांनी बुडताना वाचवलं आणि पुढे पेनिसिलिननं पुन्हा वाचवलं, हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड खोटा आहे. १९४३ मध्ये चर्चिलचा न्यूमोनिया बरा झाला तो सल्फाच्या गोळ्यांनी.)

नोबेलच्या भाषणातच फ्लेमिंगनी बजावलं होतं की लोक कमी डोस घेतील आणि जंतू औषधाला सरावतील. आज डॉक्टर कोर्स पूर्ण करा म्हणून मागे लागतात, त्यामागे हीच भीती आहे.

११ मार्च १९५५ ला फ्लेमिंग हार्ट ॲटॅकनं गेले. त्यांच्या अस्थी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या पिंपरीत सरकारनं पेनिसिलिन बनवण्यासाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी केली होती. तिथल्या शास्त्रज्ञांना १९६० च्या सुमारास मातीतल्या एका जंतूपासून नवं औषध मिळालं. कंपनीच्या एच आणि ए या आद्याक्षरांवरून ते झालं हॅमायसिन आणि जंतूचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. मायसिस म्हणजे ग्रीकमध्ये बुरशी. जंतू बुरशी नव्हता, पण औषध होतं बुरशीच मारायचं.